बॉयलरचं फिरतं पाणी, आणि त्यात अँटीफ्रीझ टाकण्याआधी

न्यू जर्सी, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स किंवा टोरांटोच्या आसपास थोडं जुनं घर घेतलं, की बेसमेंटमध्ये दोनपैकी एक यंत्र सापडतं. फर्नेस असेल तर तो हवा तापवून डक्टमधून खोल्यांत सोडतो. बॉयलर असेल तर तो पाणी तापवतो आणि भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या बेसबोर्डमधून ते घरभर फिरवतो. नाव बॉयलर असलं तरी यातलं पाणी उकळत नाही. ऐन थंडीतही ते साधारण 180 अंश फॅरनहाइट, म्हणजे 82 सेल्सियसपर्यंत तापतं. वाफेवर चालणारे जुने बॉयलर वेगळे. त्यांच्या अंगाला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची उभी नळी असते. ती दिसली तर पुढचं काहीही तुमच्या बॉयलरला लागू नाही, आणि त्यात अँटीफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू नये म्हणून मिसळायचं द्रव, कधीच टाकायचं नाही.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडते, ओळखीत कुणाच्या तरी घरी पाइप फुटतो, आणि सल्ला मिळतो: "बॉयलरमध्ये अँटीफ्रीझ टाकून घ्या." बऱ्याच घरांना त्याची गरज नसते. जिथे असते तिथे कोणतं टाकलं, किती टाकलं, आणि ते पाणी घराच्या नळांपासून नीट तोडलेलं आहे का, या तीन गोष्टींकडे काटेकोर लक्ष द्यावं लागतं. त्यातही तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच विसरली जाते.

पाणी चढवायचं नसतं, फिरवायचं असतं

पुण्यामुंबईच्या सोसायटीतला पंप गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतो, म्हणून तो दणकट लागतो. दोन मजली घराच्या बॉयलरवरचा सर्क्युलेटर पंप मात्र बरेचदा 1/25 हॉर्सपॉवरचा असतो. एवढासा पंप वरच्या मजल्यावर पाणी पोचवतो कसा? आकाशपाळणा आठवा. जितके पाळणे वर चढत असतात तितकेच दुसऱ्या बाजूने खाली येत असतात, त्यामुळे वजनाला वजन तोलून धरतं. बंद लूपमध्ये, म्हणजे बॉयलरपासून निघून बॉयलरकडेच परतणाऱ्या पाइपच्या फेऱ्यात, तसंच होतं. खाली येणारं पाणी वर जाणाऱ्या पाण्याला तोलतं. पंपाला फक्त पाइपच्या भिंतींशी होणारं घर्षण भागवायचं असतं.

पण यासाठी लूप पूर्ण भरलेला हवा. मध्ये हवेचा मोठा फुगा अडकला, की तोल मोडतो आणि तेवढ्या पंपाला वरच्या टोकापर्यंत पाणी ढकलता येत नाही. "पंप चालू आहे, बॉयलर गरम आहे, पण वरची खोली गार" या तक्रारीमागे बहुधा हवाच असते.

हे पाणी किती उष्णता वाहतं याचा हिशोब सोपा आहे. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू. एक गॅलन पाण्याचं वजन 8.33 पौंड, त्याला 60 मिनिटांनी गुणलं की 500. म्हणजे मिनिटाला एक गॅलन पाणी फिरत असेल आणि जाताना-येताना त्याचं तापमान 20 अंश फॅरनहाइटने उतरत असेल, तर तासाला 10,000 बीटीयू उष्णता घरात पोचते. पाऊण इंची तांब्याच्या पाइपमधून मिनिटाला साधारण चार गॅलन पाणी आवाज न करता जातं. म्हणजे एका लूपमधून 40,000 बीटीयू. 180 अंशांच्या पाण्यावर बेसबोर्डचा एक फूट तासाला सुमारे 550 ते 600 बीटीयू देतो. म्हणून एका पाऊण इंची लूपवर 65-70 फुटांपेक्षा जास्त बेसबोर्ड जोडला, तर शेवटच्या खोलीच्या वाट्याला कोमट पाणी येतं. मोठा पंप बसवून हे सुटत नाही, लूप दोन भागांत तोडावा लागतो.

गेज बघायला शिका

बॉयलरवरचा प्रेशर गेज सगळ्यात जास्त माहिती देतो. पाणी 2.31 फूट वर चढवायला एक पीएसआय (म्हणजे चौरस इंचाला एक पौंड) दाब लागतो. बेसमेंटमधल्या बॉयलरपासून दुसऱ्या मजल्यावरचा बेसबोर्ड 18 फूट उंच असेल तर आठ पीएसआय, वर हवा बाहेर ढकलायला चारेक जादा. असे झाले 12. म्हणूनच पाणी आपोआप भरणारा फिल व्हॉल्व्ह कारखान्यातून बहुधा 12 पीएसआयवर लावून येतो.

थंड असताना 12 आणि पूर्ण तापल्यावर 15 ते 20, हे निरोगी लक्षण. तापताना काटा 25 च्या पुढे जात असेल आणि 30 वर जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून पाणी गळत असेल, तर पहिला संशय एक्स्पान्शन टँकवर घ्या. पाणी तापलं की तीन-चार टक्क्यांनी फुगतं, आणि ते जादा पाणी सामावून घ्यायला हा टँक असतो. आत रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. टँकच्या टोकाला सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन क्षणभर दाबा. हवा आली तर पडदा शाबूत आहे, पाणी आलं तर फाटला, टँक बदला. हवेचा दाब मोजायचा तर टँकवरचा पाण्याचा दाब आधी शून्यावर आणावा लागतो, नाहीतर गेज पाण्याचाच दाब दाखवतो आणि आपण फसतो. हवेचा दाब थंड पाण्याच्या भरण्याच्या दाबाइतका, म्हणजे 12, हवा.

आणि हो, रिलीफ व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याच्या तोंडाला बूच मारणं हा प्रकार जीवघेणा आहे. बंद भांड्याला असलेली ती शेवटची सुटकेची वाट असते.

हवा काढणं

बॉयलर बंद करा आणि पाणी 100 अंश फॅरनहाइटच्या खाली येऊ द्या. तापलेल्या बिडाच्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडलं तर तो तडकू शकतो. मग ज्या झोनची, म्हणजे स्वतंत्रपणे चालू-बंद होणाऱ्या लूपची, हवा काढायची त्याच्या रिटर्न पाइपवरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि त्याच्या अलीकडच्या ड्रेन कॉकला बागेचा होज जोडा. बाकीचे झोन बंद ठेवा. होजचं दुसरं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवा, म्हणजे बुडबुडे दिसतील. ड्रेन उघडा आणि फिल व्हॉल्व्हची कळ उचलून पाणी जोरात सोडा. एका माणसाने बादलीकडे, दुसऱ्याने गेजकडे बघायचं. काटा 25 च्या वर जाऊ द्यायचा नाही. आधी नुसतं पाणी येतं, मग खळखळ करत हवेचे मोठे गोळे येतात, मग बारीक बुडबुडे, मग शांत धार. शांत धार मिनिटभर टिकली की कळ खाली, ड्रेन बंद, रिटर्नचा व्हॉल्व्ह उघडा, आणि पुढचा झोन.

दर महिन्याला हे करावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ताज्या पाण्याबरोबर विरघळलेला प्राणवायू येतो आणि लोखंड गंजवतो. त्याच त्या पाण्यातला प्राणवायू पहिल्या काही आठवड्यांत संपतो. बॉयलरमधलं काळपट, मेलेलं पाणी घाण दिसतं, पण यंत्रासाठी ते ताज्या पाण्यापेक्षा बरं असतं.

गोठतं ते थांबलेलं पाणी

गरम पाणी फिरत असेल तोवर पाइप गोठत नाही. गोठतो तो झोन व्हॉल्व्ह बंद होऊन पाणी उभं राहिल्यावर. ठिकाणं ठरलेली असतात: गॅरेजवरची खोली, दाराजवळचा छोटा बेसबोर्ड, बाहेरच्या भिंतीतून गेलेला पाइप, पाया आणि लाकडी चौकट यांच्यामधली फट. रात्री थर्मोस्टॅट दहा अंश खाली आणला, की घर थंड होईपर्यंत तासन् तास तो झोन पाणी मागत नाही. बाहेर उणे 15 सेल्सियस आणि फटीतून वारा, एवढं पुरतं.

बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. पण पाइप बहुधा बर्फ झालाय तिथे फुटत नाही. बर्फाचा बूच वाढत जातो आणि तो पुढचं पाणी बंद व्हॉल्व्हच्या दिशेने दाबत राहतो. दाब असह्य झाला की पाइप अशक्त जागी उसवतो, कधी कधी चांगल्या उबदार भिंतीत. म्हणूनच थंडी ओसरल्यावर, बर्फ वितळल्यावर छतातून धार लागते.

त्यामुळे आधीचे उपाय साधे आहेत. फट फोमने बुजवा. पाइप भिंतीतल्या इन्सुलेशनच्या घराकडच्या बाजूला असू द्या, बाहेरच्या बाजूला नको. अतिथंडीच्या रात्री थर्मोस्टॅट खाली आणू नका. कुठलीही खोली बंद असली तरी तिचा झोन बंद ठेवू नका. दर काही तासांनी काही मिनिटं पंप फिरवणारा टायमर बसवता येतो.

डिसेंबर-जानेवारीत तीन आठवडे भारतात जाणाऱ्या कुटुंबांनी थर्मोस्टॅट 55 अंश फॅरनहाइट, म्हणजे 13 सेल्सियसच्या खाली ठेवू नये. घरात पारा उतरला तर फोनवर कळवणारा सेन्सर लावावा, आणि शेजारच्या कुणाकडे किल्ली द्यावी. घराचा मुख्य नळ बंद करून जाणं चांगलं. पण मग बॉयलरमध्येही नवं पाणी भरत नाही, म्हणून आधी त्याला पाणी कमी झाल्यावर तो बंद करणारं लो-वॉटर कटऑफ आहे ना, हे तंत्रज्ञाकडून बघून घ्या.

अँटीफ्रीझ घ्यायचं ते यानंतर: हिवाळ्यात रिकामं राहणारं घर, वारंवार वीज जाणारा भाग, उघड्या जागेखालून जाणारा पाइप, किंवा ड्राइव्हवेवरचं बर्फ वितळवणारी नळी. आणि एक गोष्ट घरोघरी विसरली जाते. ते फक्त हीटिंगच्या लूपला वाचवतं. स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा पाइप तितकाच गोठतो.

कोणतं टाकायचं, आणि कोणतं कधीच नाही

गाडीचं कूलंट कधीच नाही. त्यात सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोडसर, म्हणून मुलं आणि कुत्री-मांजरी ते पितात, आणि 100 मिलिलिटरच्या आसपास पोटात गेलं तर मोठं माणूसही दगावू शकतं. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक ॲसिड होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडं बंद पाडतात. सुरुवातीला माणूस नुसता दारू प्यायल्यासारखा वाटतो, मग काही तास बराही वाटू शकतो. त्या काळातच फोमेपिझोल हे औषध सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. त्यामुळे लक्षणांची वाट न बघता अमेरिकेत 1-800-222-1222 या विषबाधा केंद्राला फोन करून थेट इमर्जन्सीत जायचं. शिवाय कूलंटमधली सिलिकेटं बॉयलरमध्ये आणि पंपाच्या सीलवर थर धरतात, म्हणजे यंत्रालाही ते मानवत नाही.

दुकानात मिळणारं गुलाबी अँटीफ्रीझ कॅम्पर गाड्यांचे पाइप हिवाळ्यात भरून ठेवण्यासाठी असतं. ते 180 अंशांवर फिरवायला केलेलं नाही. खाद्य दर्जाचं नुसतं प्रॉपिलीन ग्लायकॉलही नको, त्यात गंज रोखणारी द्रव्यं नसतात. डब्यावर हायड्रॉनिक (पाणी फिरवून घर तापवणाऱ्या) हीटिंगसाठीचं, गंजरोधक घातलेलं प्रॉपिलीन ग्लायकॉल असं स्पष्ट लिहिलेलं हवं. रंगावर जाऊ नका, रंग कंपनीच्या मर्जीचा असतो.

ग्लायकॉलच्या नावांमधला फरक मराठी वाचकांना वेगळा सांगायला नको. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. दिसायला सगळी सारखी: पारदर्शक, दाटसर, गोड. म्हणून सुट्ट्या कॅनमधलं, लेबल फाटलेलं, "तेच आहे" म्हणून कुणी दिलेलं ग्लायकॉल घ्यायचं नाही.

नळाच्या पाण्याशी असलेला सांधा

बॉयलरला पाणी भरणारा पाइप घराच्या पिण्याच्या पाण्याच्या पाइपलाच जोडलेला असतो. शहराचा दाब 50-60 पीएसआय असताना पाणी बॉयलरकडेच जातं. पण रस्त्यावरची मेन फुटली किंवा आगीसाठी हायड्रंट उघडला, की बाहेरचा दाब कोसळतो. आता बॉयलरचे 15 पीएसआय जास्त ठरतात, आणि मधल्या झडपेत गंजाचा एक कण अडकलेला असला तरी बॉयलरचं पाणी नळात येतं.

असं घडलेलं आहे. 1987 साली नॉर्थ डकोटातल्या एका ग्रामीण अग्निशमन केंद्रात कार्यक्रमासाठी नळाच्या पाण्याचं पेय केलं गेलं. इमारत गरम ठेवणाऱ्या पाण्यातलं एथिलीन ग्लायकॉल त्यात आलं होतं, आणि मुलांना विषबाधा झाली. 1992 साली न्यू जर्सीतल्या एका शाळेत जेवणाच्या वेळी मुलांचे ओठ आणि हात निळे पडू लागले. सूपसाठी वापरलेल्या नळाच्या गरम पाण्यात बॉयलरमधलं नायट्राइट उतरलं होतं. नायट्राइट हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही. तिथे दोष ग्लायकॉलचा नव्हता, गंज रोखायला घातलेल्या द्रव्याचा होता. म्हणून "आमचं प्रॉपिलीन आहे, ते बिनविषारी असतं" या भरवशावर हा सांधा उघडा सोडता येत नाही.

साध्या पाण्याच्या बॉयलरवर दोन झडपा आणि मध्ये हवेशी उघडं भोक असलेला बॅकफ्लो प्रिव्हेंटर चालतो. रसायन घातलं की अनेक ठिकाणी नियमाने त्याहून कडक, दाब-फरकावर चालणारा प्रिव्हेंटर लागतो, आणि त्याची ठराविक काळाने तपासणी करून घ्यावी लागते. गावाच्या प्लंबिंग खात्याला विचारा. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे तो पाइप कापून दोन्ही टोकं बंद करणं, आणि त्याजागी छोट्या पंपाची ग्लायकॉल फीडर टाकी बसवणं. तिच्यात तयार मिश्रण भरलेलं असतं. दाब उतरला की ती तेवढं मिश्रण लूपमध्ये ढकलते.

याचा दुसरा फायदा तितकाच मोठा. फिल व्हॉल्व्ह चालू राहिला आणि लूप कुठे थेंबथेंब गळत असेल, तर बाहेर जातं ग्लायकॉल आणि आत येतं नुसतं पाणी. गेज 12 दाखवतो, सगळं ठीक वाटतं. दोन हिवाळ्यांत 40 टक्क्यांचं मिश्रण 15 टक्क्यांवर येऊ शकतं, आणि मालक निर्धास्त असतो. फीडर टाकीची पातळी उतरताना दिसते, म्हणजे गळती लपत नाही.

आंघोळीचं पाणीही बॉयलरच तापवत असेल, तर त्या टाकीतली कॉइल एकाच भिंतीची आहे की दुहेरी, हे बघणंही याचाच भाग. एकेरी कॉइलला भोक पडलं की बॉयलरचं पाणी आणि आंघोळीचं पाणी एक होतं.

किती टाकायचं

आधी लूपमध्ये किती पाणी मावतं ते मोजा. रिकामं करताना पाच गॅलनच्या बादल्या मोजणं सगळ्यात सोपं. पाऊण इंची तांब्याच्या 100 फुटांत साधारण अडीच गॅलन मावतात. उरलेलं बहुतेक बॉयलरच्या पोटात.

प्रॉपिलीन ग्लायकॉल आकारमानाने 30 टक्के असेल तर मिश्रण सुमारे उणे 13 सेल्सियसला गोठू लागतं, 40 टक्क्यांना उणे 21 च्या आसपास, 50 टक्क्यांना उणे 33. पण गोठू लागणं आणि पाइप फोडणं यांत अंतर आहे. मिश्रण आधी बर्फाच्या गोळ्याच्या चुऱ्यासारखं मऊ होतं. त्या अवस्थेत ते पंपाने फिरत नाही, पण पाइपही फोडत नाही. 35 टक्क्यांचं मिश्रण पाइप फुटण्यापासून सुमारे उणे 40 पर्यंत वाचवतं. राहत्या घराला बहुधा एवढं पुरतं. ड्राइव्हवेच्या नळीला मात्र थंडीतच फिरायला सुरुवात करायची असते, तिला जास्त लागतं.

50 च्या वर जाऊ नका, 25 च्या खालीही नको. फार पातळ मिश्रणात गंजरोधक अपुरं पडतं आणि ग्लायकॉलवर जिवाणू वाढतात. फार घट्ट केलं तर उष्णता कमी वाहते. मघाचा 500 चा आकडा 40 टक्क्यांना 460 च्या आसपास येतो. शिवाय थंड असताना मिश्रण पाण्याच्या कितीतरी पट दाट असतं, पंपाला जड जातं. ग्लायकॉल पाण्यापेक्षा जास्त फुगतं, म्हणून एक्स्पान्शन टँक मोठा लागतो.

लूप 20 गॅलनचा असेल आणि 40 टक्के हवं असेल, तर आठ गॅलन ग्लायकॉल आणि 12 गॅलन डिस्टिल्ड पाणी. नळाच्या पाण्यातले क्षार गंजरोधकाशी संयोग पावून गाळ करतात. आधी जुना गंज धुऊन काढा. मिश्रण बाहेर ड्रममध्येच करा, बॉयलरमध्ये नाही. मग छोट्या ट्रान्सफर पंपाने भरा. परतीचा होज त्याच ड्रममध्ये सोडून बुडबुडे थांबेपर्यंत फिरवा. चोवीस तास चालवून नमुना घ्या. पाण्याने न गळणारे जुने सांधे ग्लायकॉलने गळू लागतात, तेव्हा पहिले काही दिवस प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवा. चिकट लागलं तर गळतंय.

लूपमध्ये जस्त चढवलेला पाइप असेल तर जस्त गंजरोधकाला खाऊन टाकतं. ॲल्युमिनियमच्या उष्णता-विनिमयकाच्या बॉयलरला वेगळं ग्लायकॉल लागतं. त्याची पुस्तिका सांगेल तेच वापरा, नाहीतर आतून भोकं पडतात.

दर सप्टेंबरला दहा मिनिटं

प्रॉपिलीन ग्लायकॉलचं मोजमाप असलेला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे द्रवाच्या थेंबावरून ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारं उपकरण, घ्या. गाडीच्या कूलंटचा तरंगता मापक इथे चुकीचा आकडा दाखवतो. आम्लता दाखवणारी पीएच पट्टीही बुडवा. सर्वसाधारण मिश्रणाचा पीएच 8 ते 10 हवा. 8 च्या खाली गेला तर गंजरोधक वाढवा. 7 च्या खाली, किंवा द्रव काळसर आणि वासाला आंबूस झाला, तर ग्लायकॉलचं ॲसिड झालं आहे, सगळं काढून धुवा आणि नवं भरा. काढलेलं ग्लायकॉल पावसाच्या गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये ओतायचं नाही. काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्यायचं. रिलीफ व्हॉल्व्हच्या पाइपखाली कायम बादली ठेवा.

आणि बॉयलरवर एक मोठा, न पुसणारा टॅग बांधा: कोणतं ग्लायकॉल, किती टक्के, कधी भरलं, शेवटचा पीएच किती, लूपमध्ये एकूण किती गॅलन, फिल व्हॉल्व्ह बंद आहे आणि तो उघडायचा नाही. तुम्ही घरी नसताना येणारा तंत्रज्ञ, किंवा उद्या हे घर विकत घेणारं कुटुंब, दाब कमी दिसला की आधी त्या व्हॉल्व्हलाच हात घालेल.